वाटाड्या चुकत नाही

वसाहतीतले सगळे मिस्त्री तिला पाठीमागे ‘कंट्रोल’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, मनातून आवडतही होतं. ती सांभाळत असलेल्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीला दारावरच्या पाटीने ‘सेवाकक्ष’ असं भारदस्त नाव दिलेलं असलं, तरी डझनभर उंच इमारतींमधल्या माणसांची सगळी रडगाणी अखेर तिथेच येऊन पडत, आणि कुणाचं रडगाणं कुणाच्या गळ्यात घालायचं हे ठरवणं एवढंच तिथलं काम होतं. नळ गळला की प्लंबर, दिवा गेला की इलेक्ट्रिशियन, दार कुरकुरलं की सुतार, जिन्यात अनोळखी माणूस दिसला की सुरक्षारक्षक आणि कुणाला बरं वाटेनासं झालं की फाटकाजवळच्या दवाखान्यातले डॉक्टर. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस काही ‘मला प्लंबर हवा’ असं सरळ लिहीत नाही. तो ‘या वसाहतीत घर घेतलं हाच आमचा गुन्हा’ इथपासून सुरुवात करतो, मध्येच शेजाऱ्याच्या कुत्र्यावर घसरतो आणि नळाचं नाव शेवटच्या ओळीत काढतो, तेही आठवलं तर. खोलीतल्या चौघीजणी दिवसभर हे वाचत, एकमेकींना विचारत, डोकं धरून बसत, आणि तरीही बल्ब बदलायला गेलेला प्लंबर कुणाच्या ना कुणाच्या दारात ओशाळून उभा असेच.

ही सगळी खोलीच बाहेरच्या एखाद्या कंपनीला देऊन टाकावी असं कमिटीच्या मनात आलं, तेव्हा तिने कंबर कसली. प्रश्न वाचायचा, तो मुळात कशाबद्दल आहे ते ओळखायचं आणि थेट योग्य माणसाच्या फोनवर धाडायचा, एवढं काम भाषेचं एक मॉडेल करू शकतं. ते आपण करून दाखवू, फक्त एक वर्ष द्या, असं तिने कमिटीसमोर उभं राहून सांगितलं. वर्षअखेर चुका नगण्य असल्या तर खोली राहील आणि चौघीजणीही राहतील, नाहीतर सगळ्यांनी घरचा रस्ता धरायचा, असं ठरलं. चौघींना तिने शब्द दिला. संगणकवाल्यांनी मॉडेल आणून बसवलं खरं, पण त्याला शिकवलं तिनेच. वर्षानुवर्षांचे जुने प्रश्न काढून, तो प्रश्न खरं म्हणजे कुणाकडे जायला हवा होता हे प्रत्येकापुढे लिहून, अशी उदाहरणांमागून उदाहरणं तिने त्याच्यापुढे ठेवली. आपल्या मुलीचा अभ्याससुद्धा तिने कधी इतक्या चिकाटीने घेतला नव्हता. चौघींमधली सर्वांत जुनी म्हणजे आक्का. तिने त्याचं नाव ‘वाटाड्या’ असं ठेवून टाकलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

पडद्यावर प्रश्न उमटे, त्याच्यापुढे वाटाड्याने निवडलेलं नाव उमटे, आणि त्या नावाशेजारी ‘दुरुस्ती’ असं एक लहानसं बटण असे. नाव चुकलंय असं वाटलं की चौघींपैकी कुणीही ते दाबून बरोबर नाव निवडायचं, आणि दाबलेलं प्रत्येक बटण वाटाड्याची एक चूक म्हणून धरलं जायचं. सुरुवातीला आक्काचं बोट त्या बटणावरून हलत नसे. मग ते हळूहळू सैल पडलं, आणि पुढे पुढे तर चौघीजणी नुसत्या पडद्याकडे बघत, कौतुकाने मान डोलवत बसू लागल्या. प्लंबरचं काम प्लंबरकडे, सुताराचं सुताराकडे. वसाहतीतली माणसं चक्क आभाराचे निरोप पाठवू लागली.

अशाच एका दुपारी सहाव्या मजल्यावरून प्रश्न आला. ‘आमच्या वरच्या घरातला नळ सकाळपासून वाहतोय. आवाजाने डोकं उठलंय. कुणाला तरी पाठवणार आहात की नाही?’ आणि त्याच्यापुढे नाव उमटलं, डॉक्टर.

“घ्या!” आक्का खो खो हसली. “म्हणे डोकं उठलंय. गोळी द्यायला डॉक्टर धाडले बघा यानं.”

आक्काने बटणाकडे बोट नेलंही होतं. पण तोवर डॉक्टर निघाले होते. स्वभावाने जमदग्नी, जिभेने तिखट, पण निरोप आला की जागेवर न बसणारा हा माणूस तणतणतच सातव्या मजल्यावर पोचला, आणि दार उघडत नाही असं पाहून रक्षकाकडून किल्ली मागवून आत शिरला. आत एकट्याच राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांचा पाय न्हाणीघरात घसरला होता, नळ तसाच चालू राहिला होता आणि ते सकाळपासून ओल्या फरशीवर बेशुद्ध पडले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरांनीच नंतर सांगितलं.

त्या दिवशी खोलीत जो आनंद झाला तो काय वर्णावा! तिने स्वतः केक मागवला. चौघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, आणि व्यवस्थापक साहेब, जे एरवी त्या खोलीत पाऊल टाकायला कुरकुरत, ते येऊन तिचं अभिनंदन करून गेले. तिच्या दृष्टीने त्यात चमत्कार असा काही नव्हताच. नळ सकाळपासून वाहतोय, म्हणजे तो बंद करणारं माणूस घरात असूनही बंद करत नाहीये. एवढं जर चौघीजणींनी वाचलं नाही आणि वाटाड्याने वाचलं, तर शाबासकी कुणाला द्यायची? ती असं समजावून सांगे आणि ऐकणाऱ्याला ते पटे. तिलाही पटलं होतं.

पुढच्या महिन्यात एका तरुण बाईने लिहिलं, ‘पडद्याची दांडी निखळलीय. सुतार आज येऊ शकेल का?’ आणि तो प्रश्नही डॉक्टरांकडे गेला. यावेळी कुणी हसलं नाही. संध्याकाळी डॉक्टर स्वतःच सेवाकक्षात आले आणि तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले. ती बाई आता ठीक होती. तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं होतं, हृदयाचं दुखणं वेळेवर हाती लागलं होतं.

“म्हणजे पुन्हा वाचलं कुणीतरी,” ती उजळून म्हणाली.

“वाचली, हो.” डॉक्टर हातातला चष्मा पुसत राहिले. “पण एक सांगतो. मी गेलो तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं. तिनेच दार उघडलं. म्हणाली, मी सुतार मागवला आणि तुम्ही कसे काय? आम्ही दोघंही हसलो. आता आलोच आहे तर बघतो म्हणून मी थट्टेत नाडी धरली तिची. अगदी छान चालली होती हो. आणि मी हात सोडला, निघालो, तेवढ्यात ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.”

“तुम्ही लवकर पोचलात म्हणून तर.”

“तेच तर म्हणतोय,” डॉक्टर म्हणाले. “जरा जास्तच लवकर पोचलो.”

ते गेल्यावर तिने वाटाड्याला त्या निवडीचं कारण विचारलं. तशी सोय होती. मात्र तो कारण मागून जुळवून सांगतो, त्यावर फार विसंबू नका, असं संगणकवाल्यांनी आधीच बजावलेलं होतं. वाटाड्याने एकाच ओळीत उत्तर दिलं: ‘सुतार नंतर आला तरी चालेल.’ ती ते वाचून हसली. इतकं नेमकं तर आपल्यालाही सुचलं नसतं, असं तिला वाटलं आणि अभिमानाने ऊर भरून आला.

त्यानंतर असे प्रश्न अधूनमधून येतच राहिले. कुणी वर्तमानपत्र मिळालं नाही म्हणून लिहायचं, कुणी वाहनतळातल्या खांबाबद्दल विचारायचं, आणि डॉक्टर जायचे, आणि गेल्याचं सार्थक व्हायचं. वसाहतीत वाटाड्याचा बोलबाला झाला. दवाखान्याची पिशवी घेतलेले डॉक्टर लिफ्टमध्ये शिरले की आतली माणसं गप्प होत आणि ते कोणत्या मजल्याचं बटण दाबतात तिकडे बघत राहत, एवढाच काय तो फरक पडला होता. ज्यांचा मजला नसे ती माणसं मोकळा श्वास सोडत आणि मग डॉक्टरांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागत.

एकदाच गडबड झाली, आणि ती आक्काच्या हातून. ‘माझं पार्सल आलं तर खाली ठेवून घ्याल का?’ असं एका बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं होतं. पुढे डॉक्टरांचं नाव उमटायला आणि आक्काने जुन्या सवयीने बटण दाबून तिथे सुरक्षारक्षकाचं नाव टाकायला एकच गाठ पडली. तिने आक्काला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, आणि मग चपला पायात सरकवून स्वतःच त्या गृहस्थांच्या घरी धावत गेली. गृहस्थ बाल्कनीत उभे राहून कुंड्यांना पाणी घालत होते.

“बरं आहे ना तुम्हाला?” तिने धापा टाकत विचारलं.

“मला काय धाड भरलीय?” ते म्हणाले. “पार्सल आलं का?”

दुसऱ्या दिवशीही ते बरे होते. तिसऱ्या दिवशीही. ती येता-जाता मान वर करून त्यांच्या बाल्कनीकडे बघू लागली, आणि ते रोज तिथे दिसत, कधी कुंड्यांशी, कधी चहाचा कप घेऊन, तब्येतीने अगदी ठणठणीत. वर्षभराच्या पाटीवर डॉक्टरांच्या रकान्यात वाटाड्याच्या नावाने एक चूक पडली होती, आणि ती चूक बाल्कनीत उभी राहून चहा पीत होती. माणूस बरा आहे याचा आपल्याला राग येतोय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती क्षणभर चपापली. मग वर्षअखेर जवळ आल्याची काळजी लागलीय म्हणून असं होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्या शनिवारी सगळ्या गेल्यावर आक्का तिच्या टेबलाशी घोटाळत राहिली.

“बाई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“त्या साहेबांना काहीच झालं नाही, ते मी बटण दाबलं म्हणून तर नाही ना?”

“काहीतरीच काय, आक्का!”

“नाही, म्हणजे मी आपलं बोलले,” आक्का पदराशी चाळा करत म्हणाली. “बाकी सगळ्या वेळी आपण दाबलं नव्हतं, म्हणून.”

सोमवारी खोलीत नवा नियम लागू झाला. डॉक्टरांचं नाव उमटलं तर बाईंना विचारल्याशिवाय कुणीही दुरुस्ती करायची नाही. आणि बाईंना विचारलं की बाई ‘नको’ म्हणत. आक्काने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. फक्त आपला पडदा तिने भिंतीकडे थोडा वळवून घेतला.

कमिटीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. माझं नाव वाटाड्याच्या यादीतून काढून टाका, असं ते उभ्याउभ्याच म्हणाले. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि मग तिने जी काही समजूत घातली तिला तोड नव्हती. ज्यांना त्यांनी वाचवलं त्या एकेकाची तिने आठवण करून दिली. सातव्या मजल्यावरचे शिक्षक आता काठी टेकत बागेत येतात. ती तरुण बाई गेल्याच आठवड्यात कामावर रुजू झाली. तुम्ही गेला नसता तर ही माणसं कुठे असती? डॉक्टर ऐकत होते.

“तोच विचार करतोय मी,” ते शेवटी म्हणाले. “मी गेलो नसतो तर.”

पण नाव काढा असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, आणि तिने ते होकारात जमा केलं.

बैठक दृष्ट लागावी इतकी छान झाली. सभागृह खचाखच भरलं होतं. निवृत्त शिक्षक काठी टेकत पुढे आले आणि भरल्या आवाजात म्हणाले की माझा जीव या बाईंमुळे आहे. त्यांच्यापाठोपाठ आणखी माणसं उठली, आणि टाळ्या काही केल्या थांबेनात. कमिटीतल्या एका चिकित्सक गृहस्थांनी तेवढ्यातही विचारलंच, की डॉक्टरांकडे पाठवलेल्या प्रश्नांमध्ये वाटाड्याची एकही चूक नाही, असं कसं?

“एक नोंदलेली आहे,” ती म्हणाली. “पण ती त्याची नव्हती. आमची होती.”

यावर तर सगळं सभागृह उठून उभं राहिलं. सेवाकक्ष राहणार, चौघीजणी कायम होणार, आणि ही वसाहत बांधणाऱ्या कंपनीच्या साऱ्या वसाहतींमध्ये हीच व्यवस्था बसवून तिला सगळ्यांची प्रमुख नेमणार, असं तिथल्या तिथे जाहीर झालं. तिने वर्षभर उराशी धरलेला शब्द पाळला होता. तिघीजणी तिच्या गळ्यात पडून रडल्या. आक्काही रडली, जरा बाजूला उभी राहून.

त्याच वसाहतीतल्या तिच्या घरी सगळे तिची वाटच पाहत होते. नवऱ्याने दारातच तिला हार घातला, सासूबाईंनी तोंडभरून कौतुक केलं, ‘आमची सून म्हणजे आता केवढी मोठी साहेबीण’ असं त्यांनी फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवून झालेलं होतं, आणि लेक तर नुसती नाचत होती. हसण्याखिदळण्याने घर भरून गेलं. एवढी निखळ, कशाचाही काटा न सलणारी संध्याकाळ त्या घरात कित्येक दिवसांत आली नव्हती, आणि या माणसांवर आपला किती जीव आहे हे तिला त्या घटकेला लख्ख जाणवलं.

“आई, गच्चीवर जाऊन फोटो काढूया ना,” लेक म्हणाली. “सगळ्यांचा एक!”

“गच्चीला कुलूप असतं,” नवरा म्हणाला. “चावी कुणाकडे असते ग?”

“मी कशाला सांगू?” ती हसून म्हणाली. “विचारा की आमच्या वाटाड्याला.”

लेकीने तिचाच फोन उचलला आणि मोठ्याने उच्चारत लिहिलं, ‘गच्चीची चावी कुणाकडे मिळेल?’ उत्तर यायला वेळ लागला नाही. लेकीने ते वाचलं, एकदा आईकडे पाहिलं आणि खदाखदा हसत सुटली.

“तुमचा प्रश्न डॉक्टरांकडे पाठवला आहे!”

“चुकला की ग तुझा वाटाड्या!” नवऱ्याने टाळी वाजवली. सासूबाई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “अगो बाई, डॉक्टर चावी घेऊन येणार का आता?”

तिने लेकीच्या हातून फोन घेतला, आणि तेवढ्यात तो वाजला. संध्याकाळची पाळी आक्काची होती.

“बाई,” आक्का अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या घरून प्रश्न आलाय.”

“हं.”

“डॉक्टर अजून निघालेले नाहीत. पिशवी भरताहेत. मी दाबू का बटण? बाई, एकदा हो म्हणा. कुणाला काही कळायचं नाही. चावी रक्षकाकडेच असते, सगळ्यांना ठाऊक आहे.”

चावी रक्षकाकडेच असते हे तिलाही ठाऊक होतं. एक शब्द बोलला की रक्षक वर येईल, गच्ची उघडेल, चौघंजण वाऱ्यात उभे राहून फोटो काढतील, आणि उद्या सकाळी, नव्या पदाच्या पहिल्याच दिवशी, वाटाड्याच्या नावापुढे एक चूक दिसेल. ती चूक तिच्या घरातून गेलेली असेल. आणि मग ही माणसं तिच्याभोवती ठणठणीत फिरत राहतील, चहा पीत, कुंड्यांना पाणी घालत, आणि तो खरंच चुकला होता की नाही हे तिला कधीही, कशानेही कळणार नाही. समोर नवरा कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत होता. सासूबाई डोळे पुसत होत्या. लेक धावपळीने लालबुंद झाली होती. तिघांचे चेहरे तिने एकामागून एक नीट पाहिले, आणि काचेच्या कपाटात दिसलेला आपलाही पाहिला.

छातीत मघापासून दाटून राहिलेला अभिमान जराही हलला नव्हता. उलट तो आता अगदी शांत, पक्का झाला होता.

“नको, आक्का,” ती म्हणाली. “तो चुकत नाही.”

पलीकडून आक्का काहीतरी म्हणत होती; तिने फोन बंद करून ठेवला. “अगं, चल ना,” नवरा दारातून म्हणाला, “रक्षकालाच विचारू सरळ.” “थांबा जरा,” ती हसून म्हणाली, “डॉक्टर येताहेत, ते येऊन जाऊ देत.” तिच्या आवाजात असं काही होतं की तिघंही हसत हसतच थांबले. तिने जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची ओढून दिवाणखान्यात, दिव्याखाली डॉक्टरांसाठी मांडली. मग तिच्या समोर तशीच दुसरी मांडली, आणि आपण दोन पावलं मागे सरून, त्या खुर्चीवर कोण येऊन बसतं ते पाहत उभी राहिली.